भाषणाला आलेली बाई

एकाहत्तर साली नगरला कर्जतच्या एस.टी.च्या रांगेत उभा होतो. पुढं एक तरुण प्राध्यापक आणि त्यांची म्हातारी आई.

“माझं भाषण कळलं का गं?”

“कळलं की, नाथा. युरोपात ज्याला लोक सडकं, वाया गेलेलं म्हनायचे, त्यातनंच नवी कला निघाली. नाचनाऱ्या बायांचीबी चित्रं काढली, त्यांला मान दिला. मी लई टाळ्या वाजवल्या.”

“दिसलं मला.”

“मी तमाशात नाचायची, तवा आमाला असा मान कुनी दिला न्हाई बघ.”

“हळू बोल, आई. लोक ऐकतात.”

“तुज्या प्रिन्सिपालांनी इचारलं, तुमी सरांच्या कोन?”

“मग?”

“म्हनलं, शेजारीन हाय.”

“बरं केलंस.”