अर्धी करंगळी आणि बारीक चिरलेलं सॅलड

या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या 'गोल्डन लॅम्प' खाणावळीचे व्यवस्थापक श्रीमान ड्वाइट हॅगर्टी, प्रमुख पाहुणे रेव्हरंड क्विंबी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती व्हर्नाबाई टिबेट्स, आणि भुकेल्या पोटी माझं भाषण ऐकायला बसलेल्या हॉलीवूडकर बंधुभगिनींनो,

मी ऑर्व्हिल लिंडक्विस्ट, स्टुडिओतला म्हातारा सुतार. मी काय बोलणार? पण व्हर्नाबाईंची आज्ञा झाली, तिथं अपील नाही.

बाईंच्या हातचं कॉब सॅलड आपण सगळे खात आलो. ते पहिलं कुणी केलं? या शहरात दर चौथा आचारी छातीवर हात ठेवून सांगेल की मीच. हकिगत मात्र सगळ्यांची एकच. भुकेलं माणूस, बंद होत आलेलं स्वयंपाकघर, आणि शीतकपाटातलं उरलंसुरलं: लेट्यूस, टोमॅटो, कोंबडी, बेकन, उकडलेलं अंडं, अव्होकाडो आणि ते वासाचं निळं चीज, सगळं ताटलीत वेगवेगळ्या ओळींत मांडलेलं. आम्हाला त्या भांडणात पडायचं नाही. आपल्याकडे ते इतकं बारीक का चिरतात, एवढंच मी सांगतो. रेव्हरंडसाहेब, आपण जरा कान झाका.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी आम्ही कारागिरांनी संप केला. स्टुडिओच्या फाटकावर मालकाचे भाडोत्री गुंड दंडुके घेऊन उभे. पहिल्याच दिवशी डोकी फुटली, एकाचा डोळा गेला. माझ्या तोंडावर असा दंडुका बसला की पुढचे दात रस्त्यावर पडले आणि जबडा सरकला. मारणारा तरणाताठा होता. पडल्यावर त्यानं मला आणखी लाथा घातल्या, आणि तो हसत होता. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर मी नुसत्या सूपावर होतो. एके दुपारी चक्कर येऊन इथल्या मागच्या दारात कोसळलो. व्हर्नाबाईंनी मला ओट्याशी बसवलं, हाताला लागेल ते घेतलं आणि वाटाण्याएवढं चिरायला लागल्या.

"चावता येत नाही तर गिळ," त्या म्हणाल्या. "पण जेव."

बेकन तेवढं राहिलं होतं, तोच तो दंडुकेवाला माझा माग काढत आत आला. त्यानं चिरायच्या फळीवर आपला पंजा पसरला.

"हा सुतारडा माझ्या ताब्यात दे, बाई. त्याचं पोट मी भरतो."

"हात उचल. मला बेकन चिरायचंय."

"नाही उचलला तर?"

सुरी खाली आली. अर्धी करंगळी बेकनमध्ये जाऊन पडली आणि रक्त पार अंड्यांपर्यंत उडालं. तो गुरासारखा ओरडला. बाईंनी त्याच्या हाताला स्वतःचा एप्रन गुंडाळला, म्हणाल्या, घट्ट धर, फरशी आत्ताच पुसलीय. हळहळल्या त्या फक्त बेकनसाठी.

दंडुका नीट धरता येईना म्हणून स्टुडिओनं त्याला हाकललं. तेव्हा बाईच त्याला इथं घेऊन आल्या. ताटल्या घासायला एवढी बोटं पुरतात, असं म्हणाल्या. तो घासत राहिला, चढत गेला, आणि आज हातमोजा घालून अध्यक्षांच्या खुर्चीत बसला आहे. टाळ्या वाजवा, त्यांनी कष्ट केलेत, मी नाही म्हणत नाही.

पण सत्तावीस वर्षं आम्ही एका छपराखाली जेवलो, त्या सॅलडातल्या ओळींसारखे, शेजारी पण न कालवलेले. त्यांनी मला कधी 'चुकलो' म्हटलं नाही. आणि मी त्यांना माफ केलेलं नाही. आज सकाळी बाई मला म्हणाल्या, "तुझ्याही तोंडात कवळी, त्याच्याही. माझं शेवटचं सॅलड मी तुम्हा दोघांत एकाच ताटलीत वाढणार. कालवायचं ते तुम्ही."

ती ताटली त्या टेबलावर आलेली मला दिसते आहे.

व्हर्नाबाई, तुमच्यामुळे मी जगलो. याहून मोठे आभार मला येत नाहीत. पाहुण्यांचे आणि श्रोत्यांचेही आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मी माफी मागणारच आहे. पण माझ्या माफीच्या आधी दुसरी एक माफी सत्तावीस वर्षं रांगेत उभी आहे. अध्यक्षमहाराज, माइक घ्या. मी कालवायला काटा हातात धरून बसतो.