लखमी आजीचा राब

झोप येत नाही म्हणून तक्रार करताय ना, मग माझं ऐका. जव्हार संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी दाभोशाच्या जंगलात वणवे विझवायच्या कामावर होतो. कामाला ठरलेली वेळ अशी नव्हतीच. कधी पहाटे हाक यायची, कधी जेवत्या ताटावरून उठवायचे. पुढे पुढे तर हाक आली नाही तरी मी दचकून उठायचो. डोळा लागला, की नाकात धूर.

एका दुपारी तसाच उठलो, तर समोर खरंच धूर! ओला टहाळा तोडला, धावलो आणि झोडपून झोडपून जाळ विझवला. मागून जवळच्या पाड्यावरची लखमी आजी ओरडत आली, "आरं, वणवा नाय तो! माझा राब हाय!" भाताची रोपं टाकायला तिनं शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजायला घेतली होती. तिची सकाळपासूनची मेहनत मी उधळून टाकली होती. मी तिथंच मटकन बसलो.

तिनं मला निरखून पाहिलं. "किती दिस निजला नाय?"

"आठवत नाही, आजी."

"माझ्या ओट्यावर नीज. मी जागी हाय. आग दिसली का उठवीन."

मी जो झोपलो, तो उन्हं कलल्यावरच जागा झालो. आजीनं राब पुन्हा रचून भाजूनही टाकला होता. मी घाबरून म्हणालो, "एवढा जाळ केलात, आणि मला उठवलं नाही?"

"कशाला उठवू? परत विझवला असतास."