सांडणी शाळेत आली तो वार

नाना : ...आणि हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण त्या टॅबलेटांचा पराक्रम मी या डोळ्यांनी पाहिलाय.

समीना : अब्बा, विषय बदलू नका. फॉर्म उद्या सकाळी द्यायचाय. सहावीचा एक वर्ग बिनटॅबलेटचा करणार आहेत. वही, पुस्तक, आणि रोज एक तास नुसतं ऐकायचं आणि बोलायचं. आसावरी मॅडमनी तसनीमचं नाव आपणहून घातलंय.

नाना : मग कर की सही.

समीना : ही बसेल? वर्गात तीन हाका मारल्या तरी हिला ऐकू येत नाही, असं मॅडमच सांगत होत्या. आता बघा, समोर बसलीय. तसनीम, डाळ वाढू?

तसनीम : वन मिनिट.

समीना : हे वन मिनिट दुपारी असरच्या अजानपासून चाललंय. मी मुशैरिबहून हॉटेलची ड्यूटी संपवून सातला येते, तोवर तिला सोबत त्या टॅबलेटचीच. वर्गातही काढून घेतला तर रडेल, मागे पडेल, आणि बोलावणं मला येईल. दोन महिने झाले तुम्ही दापोलीहून येऊन. आपल्या नानाशी मराठीत एक वाक्य बोललीय?

नाना : बोलली की. परवा टीव्हीसमोर उभा होतो, तर म्हणाली, 'नाना, मूव्ह.'

समीना : थट्टा नको. दहा मिनिटं तिनं सलग काही ऐकलेलं दाखवा, आत्ता सही करते.

नाना : बरं. तिला कशाला त्रास, मी तुझ्याशीच बोलतो गो. तर, इथं आखातात शाळेची बस चालवायचो ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या हेडबाईंनी ठरवलं, टॅबलेट खलास. दोनशे बारा टॅबलेट दोन पेट्यांत भरले. ठेवायला जागा नाही. स्टोअरवाला धनाजी म्हणाला, शहराबाहेर शहानियाला ओळखीच्या माणसाचा उंटांचा तबेला आहे, तिथं नेऊन टाकू. तिथं शर्यतीच्या एका उंटानं पेटीत तोंड घातलं. पडद्याला नाक लागलं, उजेड पडला. झालं.

समीना : काय झालं?

नाना : उंट हलेना. चारा नको, पाणी नको. दुसऱ्या दिवशी तबेल्यातले चौदाही उंट माना खाली घालून उभे. मालकानं पाठीवर रोबो जॉकी, म्हणजे स्वारांऐवजी चाबूक मारणारी यंत्रं, बांधले, यल्ला यल्ला करून घसा बसवून घेतला, शर्यत सुरू होऊन संपली, तरी हे जागच्या जागी. उंटाच्या मानेला तो बाक कशानं आला, तुला काय वाटतं?

समीना : अब्बा, चपाती गार होतेय.

(तसनीमच्या टॅबलेटवरचं गाणं संपतं. दुसरं सुरू होत नाही.)

नाना : चार्जिंग उतरलं तेव्हा तेरा जण शुद्धीवर आले. चौदावी सगळ्यांत धाकटी, एक सांडणी. सांडणी म्हणजे उंटाची बाई. ती धनाजीच्या पिकअपमागोमाग चालत थेट अल मुंतझाला आमच्या शाळेत आली आणि सहावीच्या खिडकीतून मान आत घातली. तिला वाटलं, इथं तरी टॅबलेट असतील. बघते तर काय, नाशिकचा अनय उभा राहून आजोळच्या विहिरीची गोष्ट सांगतोय, आणि तीस पोरं हनुवटीला हात लावून ऐकतायत.

समीना : यात खरं काहीतरी आहे का?

नाना : अनयचं शंभर टक्के खरं. वर्षभर माझ्या मागच्या सीटवर बसायचा, आवाज कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं. टॅबलेट गेले, पहिले चार दिवस रडला. आठवड्यानं असा सुटला की सिग्नल हिरवा झालेला मला कळायचा नाही.

समीना : चारच दिवस?

नाना : चारच. सांडणीला तर तेवढेही लागले नाहीत. तास संपेपर्यंत ऐकलं तिनं, कान टवकारून. घंटा झाली तरी मान काढेना. मला वारसुद्धा आठवतो. शुक्रवार होता, सकाळचा पहिला तास...

तसनीम : नाना, खोटं. फ्रायडेला इथं शाळा नसते.

समीना : एकोणीस वर्षं इथं बस चालवलीत, अब्बा. सुट्टीचा वार विसरलात?

नाना : वय झालं गो. तुझं पेन कुठाय?

समीना : पर्समध्ये. तसनीम, आण बघू.

तसनीम : आणते. पण नाना, मग ती सांडणी कुठल्या वारी आली?