कसं हाय, फौजी?

दवाखान्यात तपासणीच्या दाराबाहेर आम्रपाली आईची फाईल धरून बसली होती. पुढच्या बाकावर एक रिटायर फौजी, त्याची काठी आणि त्याची बायको.

"पुन्हा म्हणा," बायको त्याला म्हणाली. "मी डॉक्टर. कसं हाय, फौजी?"

"ठीक हाय, साहेब."

"आता काय करावं ह्या माणसाला! गेल्या बारीला असंच बोललात, अन् अपंग पेन्शनीचा अर्ज माघारी आला."

"सतरा वर्सं हेच बोललोय. फौजेत रडत न्हाईत."

"ही फौज न्हाई. वॉचमनची नोकरी कशापायी सुटली, ते सांगा."

"कमरंत लई कळ येते, साहेब. उभं राहवत न्हाई."

"हां, असंच म्हणा. लाजू नका."

"माणिक धोंडिबा ओव्हाळ!" दारातून पुकारा झाला.

"हाजिर, साहेब!"

तो ताडकन उठला आणि छाती काढून आत गेला. दार लागलं. काठी बाकालाच टेकलेली.

आम्रपालीनं ती उचलली. "पळा मावशी, द्या त्यांना."

"आता काय द्यायची, पोरी? सकाळी वाकता यीना म्हणून चपला म्या घातल्या त्यांच्या पायात."

आतून आवाज आला, "बोला फौजी, कसं आहे?"

बाईनं काठी घट्ट धरली आणि बंद दाराला तोंड लावलं.

"कळ येते म्हणा... अवो, कळ येते म्हणा..."