गळवं कुणाकडनं आली

आक्काताई : आधी तिला पाळण्यात ठेव. त्या पांढऱ्या साडीवर अख्खा दवाखाना घिऊन येतीस आन् तशीच लेकराला छातीला लावतीस!

क्रांती : ठेवली. तीन महिन्यांची पोर भुकेनं कळवळत होती, आत्या. साडी बदलत बसू?

आक्काताई : बस की! नर्स सून केली म्हणून सगळी मला शाणी म्हणत हुती. आता नातीला तीन गळवं झाल्यात, मी बघू कुणाकडं?

क्रांती : माझ्याकडंच बघताय की महिनाभर. तुमच्या ऑपरेशनची जखम अजून पाझरतीय, ते कुठं सांगताय?

आक्काताई : कोण म्हणतंय?

क्रांती : सोमवारी पदरानं पुसलीत. त्याच हातानं श्रुतीला तेल लावलंत. मी दारात उभी होते.

आक्काताई : पाळत ठिवतीस व्हय माझ्यावर?

क्रांती : ठेवते. तिचे लंगोट कुठल्या लुगड्याचे फाडलेत? दवाखान्यात नेसलेल्याच ना?

आक्काताई : जुनेर मऊ लागतं लेकराला. तुझा नवराबी माझ्या सासूच्या जुनेरातच वाढलाय. आन् धुतलं हुतं मी!

क्रांती : गार पाण्यात.

आक्काताई : दवाखाना कुणाचा गं? तूच म्हणालीस, आमच्यातच ऑपरेशन करू, वळखीचं हाय. तिथनंच आणलं असंल मी.

क्रांती : म्हणून तर तपासायला दिलं. तिच्या गळवातला पू, माझ्या नाकातला नमुना, आणि तुमचं ड्रेसिंग करताना जखमेवर फिरवलेला कापूस.

आक्काताई : मला न इचारता?

क्रांती : विचारलं असतं तर दिला असता?

आक्काताई : न्हाय. कागद आलाय न्हवं? वाच आता. माझंच नाव असंल.

क्रांती : आहे.

आक्काताई : असणारच! तुझाच दवाखाना, तुझाच कागद.

क्रांती : माझंही आहे, आत्या. तिघींच्यात एकच जंतू. नेहमीचं एकही औषध त्याला लागू पडत नाही.

आक्काताई : तुला तर साधी शिंक न्हाय.

क्रांती : आजारी न पाडताही अंगावर राहतो तो. दुसऱ्याला देत राहतो.

आक्काताई : मग आधी कुणाचा? तुझा मला, का माझा तुला?

क्रांती : ते कागद सांगत नाही. उद्यापासून तिला दुसरं इंजेक्शन आहे. जंतू रक्तात उतरला तर... मला लई भीती वाटतीय.

आक्काताई : मलाबी. रात सारी डोळ्याला डोळा न्हाय माझ्या.

क्रांती : उठली बघा. रडतीय. घेते मी.

आक्काताई : थांब. साडी बदल, साबण घे, मोरीत चल. आधी तू हात धू, मी बघते. मग मी धुते, तू बघ.