तलवारीच्या फिती

ओहायोतल्या रेनेसाँ जत्रेच्या, म्हणजे जुन्या युरोपातले वेष करून मिरवायच्या जत्रेच्या, रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. नवरा चिलखतात, बायको जीन्समध्ये.

"ड्वेन, अख्ख्या रांगेत तू एकटाच सरदार."

"ॲरिझोनात निम्मी रांग सरदारांची असायची."

"ते गाव सुटलं आपलं. चल, गाडीत कपडे बदल."

"आता कसला लपतोय, वर्लीन? पाऊल टाकलं की खणखणतो मी."

तलवार उपसता येऊ नये म्हणून फाटकावरच्या बाईनं नियमाप्रमाणे ती फितीनं म्यानाला बांधायला घेतली. मुठीला ॲरिझोनातल्या जत्रेच्या जुन्या फिती होत्या, दर वर्षाची एक.

"या कापणार का?" त्यानं विचारलं.

"कापू कशाला? आमची यांच्या शेजारी बांधते. किती वर्षांच्या?"

"चौदा."

"मग आज उशीर केलात, सरदार. तुमची माणसं सकाळीच आत गेली."

"सगळी अशीच नटून?" बायकोनं विचारलं.

"हो. जीन्सवाले उशिरा उठतात."

"मग झगा भाड्यानं कुठे मिळतो हो?"