सुरी हातात देताना

मंडळी, आलात, बरं केलंत. डब्लिनहून, कॉर्कहून, एवढ्या पावसात गाड्या काढून आलात. हॉल भरला आहे. इतकी माणसं एकत्र बघून अविनाशला आश्चर्य वाटलं असतं, कारण गेल्या तीन वर्षांत यातली चारसुद्धा त्याच्या घरी चहाला आली नाहीत.

रागावू नका. मी अशीच बोलते. सेक्रेटरीसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि वर सांगितलंय, ताई, जरा चांगलं चांगलं बोला. चांगलंच बोलणार आहे. पण आधी माझ्या हातातला हा कागद बघा. थरथरतोय ना? वयामुळे नाही. मी घाबरले आहे. आयुष्यभर मी बोलून दुसऱ्यांना घाबरवलं, आणि आज मलाच बोलायची भीती वाटते आहे. अविनाशबद्दल जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझ्याबद्दलही एक गोष्ट सांगावी लागणार आहे.

काहीजण त्याला ओळखत नसतील. डॉक्टर अविनाश माझा धाकटा भाऊ. मी सात वर्षांनी मोठी. आम्ही नागपूरचे. तो इथे एनिसला सर्जन होता. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मी लग्नच केलं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि २०१५ साली नागपूरचा फ्लॅट विकून त्याच्याकडे राहायला आले. फ्लॅट विकला, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

त्याला चाकू जमवायचा नाद होता. हाताने घडवलेले चाकू. कारागिराने एकेक बसून केलेले, कुणाची मूठ हरणाच्या शिंगाची, कुणाची दलदलीत शेकडो वर्षं पुरलेल्या काळ्या ओकच्या लाकडाची. घरी सदतीस होते. मी आले त्या दिवशी बैठकीच्या खोलीतलं ते काचेचं कपाट बघितलं आणि म्हटलं, अवी, हे घर आहे की खाटकाचं दुकान? तो हसला. मस्करी करायची असली की तो मुद्दाम वऱ्हाडीत बोलायचा. म्हणाला, "काऊन भेतं वं ताई? चाकू का चालत येते तुह्याकडे?"

भीत होतेच मी. खोटं कशाला बोलू? पहिले दोन महिने त्या कपाटाकडे पाठ करून बसत असे. खंडेनवमीला तो सगळे चाकू बाहेर काढून ओळीने मांडायचा. झेंडू मिळत नसे, मग दुकानातली पिवळी शेवंती आणायचा आणि पूजा करायचा. मी लांबूनच अक्षता टाकायची.

आणि माझा एक नियम होता. तुमच्याही घरात असेल. सुरी, कात्री हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. नाहीतर भांडण होतं. आमच्या आईचा नियम, मी इथे आणला. कॉन्व्हेंटात शिकले म्हणून काय झालं? सिस्टरांनी तो काही काढून घेतला नाही. म्हणून भाजी चिरायला घेतली की अवी सुरी ओट्यावर ठेवायचा आणि मी उचलायची. मी ओट्यावर ठेवायची, तो उचलायचा. वर्षभर असंच चाललं. वर्षभर मी त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे एकदाही बघितलं नाही. त्या नियमामागे काय लपत होतं, ते मला कसं कळावं?

मग पुढच्या वर्षीच्या शरदात तो मला चाकूंच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. तिकडे स्वोर्ड्सला, डब्लिन विमानतळाजवळच्या एका हॉटेलात. मी म्हटलं, मी नाही येणार, तिथे काय माझं श्राद्ध आहे? तो म्हणाला, ताई, तीन तासांचा रस्ता आहे, कोणीतरी बोलायला हवं, आणि तू गप्प बसत नाहीस. गेले.

मंडळी, तुम्ही असा हॉल बघितला नसेल. ह्या हॉलच्या दुप्पट. पंचवीस-तीस टेबलं, त्यांवर काळं मखमली कापड, आणि कापडावर चाकू. शेकडो. टेबलांमागे दाढीवाले, रुंद खांद्यांचे पुरुष. मी पर्स छातीशी धरली. वाटलं, इथे एखाद्याचं डोकं फिरलं तर? दार कुठे आहे ते मी आधी बघून ठेवलं. आणि तिथे इतकी शांतता, इतकी अदब, की देवळात नसते. विचारल्याशिवाय कोणी काही उचलायचं नाही. पात्याला बोट लावायचं नाही, घामाने पोलादाला डाग पडतो. मला एकाने खुर्ची दिली, एकीने चहा दिला. आपल्या गणपतीत मला अजून कोणी खुर्ची दिलेली नाही.

तिथे एक पद्धत आहे. तेवढी ऐका. कारागीर चाकू हातात देतो तेव्हा मूठ तुमच्याकडे करतो. तुम्ही मूठ धरायची आणि म्हणायचं, थँक्यू. म्हणजे, माझ्याकडे आला, मी नीट धरलाय, आता सोडा. ते थँक्यू ऐकल्याशिवाय तो सोडत नाही. अवी म्हणाला, ताई, ऑपरेशन थिएटरमध्येही आमची अशीच शिस्त असते. मी म्हटलं, तुमच्यात भांडणं होत असणार.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा होता. डोनल त्याचं नाव. कॉनेमाराकडचा, घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांच्या घरातला. अवीची त्याची जुनी ओळख. डोनलने एक लांब पात्याचा चाकू उचलला, मूठ पुढे केली. अवीने हात पुढे केला.

आणि मी बघितलं.

हात थरथरत होता. थोडासा नाही. वाऱ्यावर पान हलतं तसा. मूठ धरली तरी थरथरत होता.

अवी म्हणाला, थँक्यू. डोनलने सोडलं नाही. अवी पुन्हा म्हणाला, थँक्यू. डोनलने सोडलं नाही. दोघं तो चाकू धरून उभे. मला वाटलं, आता काय होणार? तिसऱ्यांदा अवी म्हणाला, जरा चिडूनच, थँक्यू, डोनल. डोनलने दुसरा हात त्याच्या मनगटावर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, डॉक्टर, हे कधीपासून?

माझा भाऊ खाली बघत म्हणाला, उन्हाळ्यापासून. कधीकधी. ऑपरेशनच्या टेबलावर असताना नाही. टेबलावर असताना अजून एकदाही नाही.

डोनल म्हणाला, माझ्या वडिलांचंही असंच झालं. भट्टीपाशी आम्ही सगळे बघत होतो. वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही. दोन बोटं गेली, मग बोललो.

त्याने चाकू परत कापडावर ठेवला. आम्ही काही न घेता निघालो. हॉलभर धार लावलेलं पोलाद होतं, आणि मला आता त्याची जराही भीती वाटत नव्हती. माझी सगळी भीती त्या एका हातात जाऊन बसली होती.

तो शनिवार होता. सोमवारी सकाळी अवीची यादी लागली होती. पहिलंच ऑपरेशन एका बाईचं, पित्ताशयाचं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. तीन वर्षं मी हे कोणालाही सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी अवी म्हणाला, ताई, उद्या जाऊन सांगतो. बंद करतो. आणि मी, त्याची थोरली बहीण, म्हणाले, नको. मी म्हणाले, वर्षभर गप्प बस. औषध घे, सुट्टी घे, काहीही कर, पण तोंड उघडू नकोस. टेबलावर तर थरथरत नाही ना? मग कोणाला कळणार आहे? माझा इथला मुक्काम त्याच्या नोकरीवर होता. नागपूरला घर नव्हतं, ते मी विकून आले होते. एकसष्टाव्या वर्षी मी कुठे जाणार होते? त्या रविवारी मी पित्ताशयवाल्या बाईचा विचार केला नाही. अवीचाही केला नाही. मी माझा केला.

अवीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या सिस्टर काय म्हणायच्या, ताई?"

आमच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर. इथल्याच होत्या, आयर्लंडच्या. त्या म्हणायच्या, गप्प राहून झाकलेलं खोटं हेही खोटंच. अवी लहान असताना मी हेच वाक्य म्हणत त्याचे कान पिळले आहेत. त्या रविवारी त्याने ते मला परत दिलं. मी म्हटलं, सिस्टरांना फ्लॅट विकावा लागला नव्हता.

तो सोमवारी आठच्या आधी हॉस्पिटलात गेला. आपल्या वरिष्ठांसमोर उभा राहिला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, बघा. त्या बाईचं ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरांनी केलं. ती मला अजून सुपरमार्केटात भेटते. हवापाण्याच्या गप्पा मारते. तिला यातलं काहीच माहीत नाही. तिला माहीत असायचं कारणही नाही.

पुढे अवीला शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचं अर्धवेळ काम मिळालं. मला कुठे जावं लागलं नाही. माझी भीती फुकट गेली. पण तोंडातून गेलेला शब्द काही परत आला नाही.

आणि तुम्ही. दुसऱ्या वर्षी गणपतीत, ह्याच हॉलमध्ये, मी मोदकाचं ताट घेऊन उभी होते. माझ्या कानाशी बोलणं चाललं होतं. "काढलं म्हणे डॉक्टरकाकांना." "पेशंट दगावला असेल, उगाच नाही काढत." "घरी चाकूंचं कपाट आहे, मुलांना पाठवू नका हं." "डोकंच फिरलंय, दुसरं काय." बोलणारे आज इथे बसले आहेत. नावं घेत नाही. तुमची तुम्हाला माहीत आहेत.

तुमच्यावर मी दोन वर्षं चिडले. अजून चिडलेली आहे, ते काही जाणार नाही. पण त्या दिवशी मी मागे वळून एवढं म्हटलं असतं, की त्याला कोणी काढलं नाही, तो स्वतः थांबला, तर तिथेच विषय संपला असता. मी म्हटलं नाही. मोदक वाढत राहिले. मला वाटलं, कोणीतरी विचारेल, आणि ताई, तुम्ही तेव्हा काय म्हणालात? कोणी विचारलं नसतं. तुम्हाला मोदकाचीच घाई होती. पण मला वाटलं, विचारतील. म्हणून माझ्या भावाचं नाव दोन वर्षं तुमच्या तोंडात राहिलं, आणि मी ते राहू दिलं.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. अविनाशच्या हातून एकाही माणसाला इजा झाली नाही. कारण हात थरथरायला लागल्यावर तो स्वतः जाऊन सांगून आला, आणि मी अडवत असताना सांगून आला. कोणी विचारलं तर असंच सांगा. सगळं सांगा. माझ्यासकट.

मागच्या रांगेत एक दाढीवाले गृहस्थ बसले आहेत. मघाशी दोघांनी त्यांना विचारलं, तुम्ही अंत्यविधीवाल्या कंपनीचे का? नाही. ते डोनल. त्यांना आपलं एक अक्षर कळत नाही, तरी चाळीस मिनिटं ताठ बसून आहेत. त्या प्रदर्शनानंतर दोन महिन्यांनी त्यांनी पोस्टाने एक सुरी पाठवली. जाड मुठीची, जड, टोक गोल केलेली. थरथरत्या हातासाठी घडवलेली. अवी म्हणाला, हा माझा अडतिसावा आणि शेवटचा. त्यानंतर त्याने खरंच एकही घेतला नाही.

आणि मी आईचा नियम मोडला. रोज सकाळी ती सुरी मी त्याच्या हातात द्यायची. मूठ त्याच्याकडे करून. तो म्हणायचा, थँक्यू, ताई. हात स्थिर वाटला तर मी सोडायची. नसला तर सोडायची नाही. मग तो समजायचा, आणि त्या दिवशी भेंडी मी चिरायची. आईने सांगितलेलं भांडण काही झालं नाही. इतकं कमी भांडून आम्ही कधीच राहिलो नव्हतो.

या महिन्यात न्यूमोनिया झाला. शेवटच्या दुपारी मी त्याचा हात धरून बसले होते. मला भीती वाटत होती, आयुष्यात वाटली नाही एवढी. त्याचा हात मात्र, काय सांगू तुम्हाला, त्या दुपारी अगदी स्थिर होता. त्याने डोळे उघडले. म्हणाला, थँक्यू, ताई.

मला त्याचा अर्थ माहीत होता. माझ्याकडे आलं, मी नीट धरलंय, आता सोड.

मी सोडला.

मंडळी, आता दोन मिनिटं गप्प उभं राहू या. मी एकदा त्याच्याकडे गप्प राहणं मागितलं होतं, ते वाईट होतं. हे गप्प राहणं चांगलं आहे, ते तुमच्याकडे मागते. हात जोडू नका. तो जसा त्या सोमवारी उभा राहिला तसे आपले हात समोर धरा, उघडे. थरथरले तर थरथरू द्या. लपवू नका.